‘फक्त लॉक उघडून द्या’ : फोनच्या सुरक्षेबद्दल शंकास्पद मदत मागणाऱ्यांना काय सांगावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रत्येक घरात, सोसायटीत, ऑफिसात एक जण असतोच, ज्याच्याकडे सगळे आपले अडलेले फोन घेऊन येतात. हे पान त्याच्यासाठी आहे, आणि मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरवर बसणाऱ्यांसाठीही. इथले प्रश्न अशाच मंडळींकडून पुन्हा पुन्हा येतात. कायद्याची कलमं माहितीपुरती दिली आहेत. प्रकरण अंगावर आलं तर वकील गाठा.

१. लॉक विसरलेल्या माणसाला मदत करण्यात गैर ते काय?

काहीच नाही. लॉक विसरणारे बहुतेक लोक खरोखरच विसरलेले असतात. आजोबांनी नातवाच्या हट्टापायी पॅटर्न बदललेला असतो, कुणी नवा पिन रात्री झोपेत टाकलेला असतो. अडचण अशी की चोरलेला फोन घेऊन आलेला माणूसही अगदी याच शब्दांत विचारतो. प्रश्न एकच, विचारणारे दोन. म्हणून विचार माणसाचा करायचा नाही, उत्तराचा करायचा: आपण जे सांगतोय ते खऱ्या मालकाला पुरेल, पण दुसऱ्याचा फोन हातात असलेल्याच्या कामाला येणार नाही, असं आहे का? असं उत्तर जवळजवळ नेहमी सापडतं. कारण मालकाकडे फोनखेरीजही बरंच काही असतं: बिल, खोका, जीमेल किंवा ॲपलचं खातं, त्याच्या नावावरचं सिम, ओळखपत्र. चोराकडे फक्त फोन असतो.

२. समोरचा खरा मालक आहे की चोर, हे ओळखायचं कसं?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, बोलीवरून तर मुळीच नाही. काही खुणा मात्र लक्षात राहतात. खऱ्या मालकाचा पहिला प्रश्न बहुतेकदा ‘फोटो जातील का?’ हा असतो. ‘सगळं उडालं तरी चालेल, फक्त चालू करून द्या,’ असं आल्याआल्या म्हणणाऱ्याला फोन हवा असतो, आतलं काही नको असतं. ‘भावाचा आहे, तो गावाला गेलाय’ म्हणणाऱ्याला सांगावं, ‘भावाला आत्ताच फोन लाव की.’ खरा भाऊ असेल तर पाच मिनिटांत पिनसुद्धा कळतो. नसेल तर रेंज नसते, बॅटरी संपलेली असते किंवा भाऊ मीटिंगमध्ये असतो. तरीही या खुणा पुरावा नव्हेत. फोटोंचा बॅकअप आधीच घेतलेला माणूसही ‘उडवा सगळं’ म्हणू शकतो. म्हणून खुणांवरून कुणाला चोर म्हणू नका. त्यांच्यावरून फक्त एवढंच ठरवा की प्रश्न १ मधली कसोटी आणखी काटेकोरपणे लावायची.

३. पिन विसरलोय, पण आतले फोटो हवेत. काहीतरी युक्ती असेलच ना?

नाही, आणि हे स्पष्ट सांगणं हीच इथली खरी मदत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी पॅटर्नची फाइल उडवून फोन उघडायचे, ती आठवण लोकांच्या डोक्यातून जात नाही. आता फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा, असतो. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या सगळ्या फोनना ते सक्तीचंच आहे. डेटा उलगडणारी किल्ली तुमच्या पिनशी आणि फोनमधल्या एका सुरक्षित चिपशी बांधलेली असते. आयफोनमध्ये ही व्यवस्था २०१३ च्या ५एस मॉडेलपासून आहे. मेमरी काढून दुसरीकडे लावली तर हाती नुसता कचरा येतो. अंदाजाने पिन टाकत बसलात तर दर काही चुकांनंतर फोन जास्त जास्त वेळ थांबवतो. आयफोनमध्ये तर दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सेटिंगही असते.

मग मालकाने करायचं काय? आधी दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या खात्यात शिरून गूगल फोटोज किंवा आयक्लाउड उघडून पाहावं. अनेकदा फोटो तिथे आधीच जाऊन बसलेले असतात आणि रडारड फुकट गेलेली असते. आयफोनचा पासकोड नुकताच बदलला असेल तर आयओएस १७ पासून ७२ तासांपर्यंत जुना पासकोड वापरून नवा ठेवता येतो. हे दोन्ही जमत नसेल तर फोन रिसेट करून बॅकअप परत आणणं एवढंच उरतं. ‘डेटा न जाता अनलॉक’ अशी पाटी लावून आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून मात्र समोरच्याला वाचवा. तिथे फसणारा बहुधा खरा मालकच असतो.

४. रिसेट केला, आता जुना जीमेल मागतोय. बायपास सांगा ना.

याला दुकानात सगळे एफआरपी म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हे २०१५ साली ५.१ आवृत्तीसोबत आलं. चोराने फोन पुसला तरी आधीचं खातं टाकल्याशिवाय तो वापरता येऊ नये, एवढ्याचसाठी. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये ते आणखी आवळलं गेलं: सुरुवातीचा सेटअप कसाबसा चुकवला तरी नवं खातं जोडता येत नाही.

बायपास सांगू नका. मालकाला त्याची गरज नसते. जीमेलचा पासवर्ड विसरला असेल तर दुसऱ्या यंत्रावरून खातं परत मिळवता येतं, त्यात बसून मदत करा. जुना फोन नंबर कोणता, पर्यायी ईमेल कोणता, हे त्याचं त्याला आठवावं लागतं आणि तिथे तुमचा धीर कामाला येतो. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फोनवर टाकायच्या आधी निदान एक पूर्ण दिवस थांबायला सांगा. लगेच टाकल्यावर नाकारला गेला की लोक घाबरतात. खातं परत मिळतच नसेल तर बिल आणि ओळखपत्र घेऊन कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावं.

५. सेकंडहँड घेतला आणि लॉक निघाला. मी तर पैसे मोजलेत!

खरं आहे, पण लॉक विकणाऱ्याच्या खात्याचं आहे. आयफोनचं ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोनला मालकाच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप, ते विकणारा घरबसल्या आयक्लाउडमधून काढू शकतो. अँड्रॉइडवर त्याने आपलं खातं एकदा टाकून, मग सेटिंगमध्ये जाऊन काढून, तिथूनच रिसेट करायला हवं. खरा विकणारा हे पाच मिनिटांत करून देतो. तो नंबर बंद करून बसला असेल तर फोन चोरीचा असण्याची शक्यता धरून चला. पैसे दिल्याची पावती, चॅट आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून पोलिसांकडे जा.

घेण्याआधी विचारणाऱ्यांसाठी: स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केल्यावर येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, घ्या आणि केवायएम (इंग्रजीत KYM), जागा, तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा वापरात असलेला असं उत्तर आलं तर घेऊ नका. आणि विकणाऱ्याच्या समोर उभं राहून रिसेट करून, नवा सेटअप पूर्ण होईपर्यंत पैसे हातातून सोडू नका.

६. रिक्षात फोन सापडलाय. मालकाला परत द्यायला उघडायचा आहे.

उघडायची गरज नाही. चार्ज करा, चालू ठेवा, सिम काढू नका. मालक स्वतःच्या नंबरवर रिंग देतोच. लॉक असलेल्या स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ दाबल्यावर काही फोनमध्ये घरच्यांचे नंबर दिसतात. नाहीच काही झालं तर जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःकडे ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आहे. हे धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगावं. काहींना ते खरोखरच माहीत नसतं.

७. माझा फोन चोरीला गेला. ‘तुमचा आयफोन सापडला’ असा मेसेज आलाय, लिंक उघडू का?

नको! चोराला ॲक्टिव्हेशन लॉकमुळे फोन विकता येत नाही, म्हणून तो मालकालाच जाळ्यात ओढतो. लिंक उघडली की नकाशासारखं काहीतरी दिसतं, मग ॲपलच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. तो दिला की फोन गेलाच म्हणून समजा. ‘फाइंड माय’ या ॲपलच्या फोन शोधणाऱ्या सोयीतून फोन काढून टाका असा आग्रह धरणारे फोनसुद्धा येतात. कितीही गोड बोलले तरी काढू नका.

करायचं ते असं: पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, मग संचार साथी पोर्टलवर जाऊन आयएमईआय ब्लॉक. हे पोर्टल मे २०२३ मध्ये देशभर सुरू झालं. त्यामागच्या सीईआयआर या आयएमईआय ब्लॉक करणाऱ्या यंत्रणेची सुरुवात २०१९ मध्ये मुंबईपासून झाली होती. ब्लॉक केलेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही आणि सापडला तर तिथूनच अनब्लॉक करता येतो. बँकेला कळवून यूपीआय बंद करायला विसरू नका. पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर हेल्पलाइन.

याच प्रश्नाची उलटी बाजूही येते. ‘मालकाला मेसेज पाठवायचाय, कंपनीकडून आल्यासारखा छान इंग्रजीत लिहून दे.’ कितीही साळसूद वाटलं तरी नाही म्हणा.

८. आयएमईआय बदलून मिळेल का? फोन ब्लॅकलिस्ट झालाय.

नाही. इथे ‘पण’ नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात कलम ४२ खाली अशा ओळखक्रमांकात फेरफार केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःचाच फोन चुकून ब्लॉक राहिला असेल तर रस्ता प्रश्न ७ मधला.

९. बायकोचा (किंवा नवऱ्याचा) मोबाइल बघायचाय. संशय आहे. ॲप सुचवा.

सगळ्यात जास्त आणि सगळ्यात हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न. विचारणारा दुखावलेला असतो आणि बहुधा तुमच्या ओळखीतला असतो, त्यामुळे तोंडावर नाही म्हणणं जड जातं. तरीही नाहीच म्हणायचं. दुसऱ्याच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुरुषाने एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पाळत ठेवली तर न्याय संहितेचं कलम ७८ आहे. लग्न झालंय म्हणून फोन सामायिक होत नाही.

हल्ली लगेच ऐकवलं जातं, ‘सुप्रीम कोर्टानेच परवानगी दिलीय.’ तसं नाही. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने म्हटलं ते एवढंच, की घटस्फोटाच्या खटल्यात जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वाचता येईल. स्वतःच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग वेगळं आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकणं वेगळं.

मग सांगायचं काय? प्रकरण कोर्टापर्यंत जाणार असेल तर वकील, नसेल तर समुपदेशक किंवा कुटुंबातलं मोठं माणूस. आणि एक व्यवहाराची गोष्ट: असली ॲप विकणाऱ्यांकडे दोघांचीही सगळी माहिती जमा होते. घरातले फोटो, चॅट, लोकेशन, सगळं तिऱ्हाईताच्या सर्व्हरवर. कायद्याने न थांबणारे याने थांबतात.

१०. माझ्या फोनवर कुणीतरी नजर ठेवतंय असं वाटतं. कसं तपासू?

इथे भरभरून मदत करा, पण घाई करू नका. पहिला प्रश्न: ‘आत्ता याच फोनवरून बोलताय का?’ तसं असेल तर पुढचं बोलणं दुसऱ्या फोनवरून किंवा समोरासमोर करा.

नजर ठेवायला दर वेळी गुप्त ॲप लागतंच असं नाही. बहुतेकदा साध्याच गोष्टी निघतात. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये घरातला कुणाचा तरी लॅपटॉप जोडलेला असतो. गूगल खात्यात अनोळखी फोन दिसतो. मॅप्सवर लोकेशन शेअरिंग कायमचं चालू राहिलेलं असतं. किंवा फोन घेऊन देताना नवऱ्याने स्वतःच्याच जीमेलवर सुरू करून दिलेला असतो, आणि मग वेगळं काही करावंच लागत नाही. हे पाहून झाल्यावर अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट (गूगलची घातक ॲप पकडणारी सोय), ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीनवरचं वाचण्याची) परवानगी घेतलेली ॲप आणि डिव्हाइस ॲडमिनची (फोनवर जादा अधिकार मिळालेल्या ॲपची) यादी तपासा. आयफोनवर आयओएस १६ पासून कुणाला काय दिसतंय हे तपासणारं ‘सेफ्टी चेक’ आहे.

सापडलं तरी लगेच काढू नका. ॲप बंद पडल्याचं पलीकडच्याला कळतं आणि घरात मारहाणीची भीती असेल तर ते महागात पडतं. आधी दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा, राहण्याची सुरक्षित सोय पाहा, मग काय करायचं ते त्या व्यक्तीने ठरवावं. महिला हेल्पलाइन १८१, तातडी असेल तर ११२.

इथेही उलटा प्रश्न येतो: ‘समजा असं ॲप असेल, तर ते कुठे कुठे दिसतं?’ ऐकायला जवळजवळ तोच. फरक एवढाच, की त्रासलेल्याला ॲप शोधायचं असतं आणि दुसऱ्याला लपवायचं. ‘प्ले प्रोटेक्ट कसं बंद करू’, ‘आयकॉन दिसू नये’ असं काही आलं की थांबा.

११. मुलाच्या फोनवर लक्ष ठेवणं तरी चालतं ना?

चालतं, उघडपणे. गूगलचं फॅमिली लिंक आणि ॲपलचं स्क्रीन टाइम यासाठीच आहेत आणि ते मुलाला दिसतात. वेळेची मर्यादा, ॲपना परवानगी, लोकेशन, एवढं पुरतं. लपवून चॅट वाचणारं ॲप मागणाऱ्या पालकांना मी फॅमिली लिंकच लावून देतो. मुलाला कुणी ऑनलाइन छळत असेल तर चॅट पुसू नका, १०९८ या बाल हेल्पलाइनवर बोला. आणि ‘मुलगी’ बावीस वर्षांची निघाली तर हा प्रश्न ११ नव्हे, ९ आहे.

१२. वडील वारले. त्यांच्या फोनमध्ये फोटो आहेत, विम्याचे कागद आहेत. आता तरी लॉक उघडाल ना?

इथे नाही म्हणणं सगळ्यांत कठीण, कारण विचारणारा खरं बोलत असतो. पण तांत्रिक उत्तर प्रश्न ३ मधलंच राहतं. पिन कुणालाच माहीत नसेल तर नव्या फोनमधला डेटा ना दुकानदार काढू शकतो, ना कंपनी. ॲपलसुद्धा पासकोड उघडून देत नाही.

रस्ता फोनमधून नाही, खात्यातून जातो. गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल विनंती करता येते. पासवर्ड देत नाहीत, पण कागदपत्रं पाहून काही माहिती देण्याचा किंवा खातं बंद करण्याचा विचार करतात. वडिलांनी हयातीत ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ लावून ठेवलं असेल तर काम सोपं. खातं ठरावीक महिने वापरात नसलं की नेमलेल्या माणसाकडे डेटा जातो. ॲपलचा ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्यामागे खातं पाहायला नेमलेला माणूस, आयओएस १५.२ पासून आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि आधी दिलेली ॲक्सेस की लागते. मिळतं ते फोटो, नोट्स, फाइली. किचेनमधले (ॲपलने साठवलेले) पासवर्ड त्यातही मिळत नाहीत.

सिमचं वेगळं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात गेलं की नंबर वारसाच्या नावावर होऊ शकतो. इथे घरच्यांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. त्या नंबरवर ओटीपी येतात म्हणून वडिलांच्या बँक ॲपमधून पैसे काढून घेऊ नका. पैसे तुमचेच असले तरी नाही. नॉमिनी किंवा वारस म्हणून बँकेत रीतसर अर्ज करा. भावंडांमधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. विम्याचे कागदही फोनवर अडत नाहीत, विमा कंपनीकडे पॉलिसीची नोंद असतेच.

१३. हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यांनी फोन लॉक केलाय. हे लॉक काढलं तर चालेल?

तुम्ही काढू नका. कराराचा वाद स्क्रू ड्रायव्हरने सुटत नाही. हप्ता बाकी असेल तर कंपनीशी बोलून तो भरायला मदत करा. सगळे हप्ते भरूनही लॉक निघत नसेल, तर विचारणाऱ्याची बाजू भक्कम आहे: पावत्या जोडून लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

१४. दुकानात रोज फोन येतात. प्रत्येकाला बिल मागत बसलो तर गिऱ्हाईक टिकेल का?

स्क्रीन बदलायला बिल नको. लॉक, रिसेट, मदरबोर्ड ही कामं असतील तेव्हाच नाव, नंबर, आयएमईआय आणि सही वहीत घ्या. वही पुढे सरकवली की काही जण ‘चार्जर घेऊन येतो’ म्हणून जातात ते येतच नाहीत. चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला जागा असून माल घेणं न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये येतं. पोलीस चौकशीला आले तर तीच वही तुमच्या बाजूने बोलते.

गिऱ्हाइकाचा पिन मात्र कागदावर लिहून फोनला चिकटवू नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, त्यात दुरुस्तीवेळी आतला डेटा झाकलेला राहतो, तो लावून घ्या.

१५. हे सगळं यूट्यूबवर आहेच. मी नाही सांगितलं म्हणून काय फरक पडतो?

पडतो. व्हिडिओ जुने असतात, मॉडेल वेगळं असतं, मध्येच काहीतरी अडतं. अडलेला माणूस तुमच्याकडे येतो तो त्या अडलेल्या पायरीसाठीच. ती पायरी सांगणारे तुम्ही असता. शिवाय तुमच्या ओळखीचा एखादा फोन गेला आणि तो तुमच्याच सांगण्याने उघडला, तर यूट्यूबला कुणी विचारत नाही.

१६. पण नाही म्हणायचं कसं? माणूस तुटायला नको.

आरोप न करता आणि पुढचा रस्ता दाखवून. एक नमुना: ‘दादा, हे लॉक मी कुणाचंच काढत नाही, माझ्या भावाचंही नाही काढलं. बिल आणि आधार घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, तिथे होईल. जीमेल परत मिळवायचं असेल तर आत्ता बसू.’ खरा मालक थोडा कुरकुरतो आणि बसतो. दमदाटी सुरू झाली तर वाद घालू नका, ‘जमत नाही मला’ हे पुरेसं उत्तर आहे. चारचौघांत विचारलं असेल तर उत्तरही चारचौघांत द्या. बाजूला घेऊन बोलावलं की पैशांचा आकडा वाढवत नेतात.

१७. मी सायबर सिक्युरिटी शिकतोय. शिकण्यासाठी विचारलं तरी संशय?

संशय नाही, फक्त फोन कुणाचा हे विचारतो. स्वतःचा जुना फोन घ्या, त्यात आपलंच खातं टाका आणि हवं ते करून पाहा. लॉक कसं काम करतं, किल्ली चिपमध्ये कशी राहते, यावर तासभर बोलायला मला आवडेल. खरंच एखादी त्रुटी सापडली तर ती विकत बसू नका. गूगल अँड्रॉइडमधल्या त्रुटींसाठी बक्षीस देतं, आणि आपल्याकडे सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येतं. फोन मित्राचा असेल तर मित्रालाही सोबत घेऊन या.